दोन काड्या, एक चौकोन

सीडी प्लेअर ज्यानं कुणी पहिल्यांदा आखला, त्याच्या डोळ्यांसमोर एक माणूस असणार. तो एकटा असणार, खुर्चीत बसलेला असणार, निवांत असणार आणि मुख्य म्हणजे त्याच्या घरची लाईट कधी जात नसणार. त्याला वाटलं सातवं गाणं आधी ऐकावं, मग तिसरं, मग परत सातवं, तर तशी सोय. गाण्यातला तेवढाच एक आलाप पुन्हापुन्हा ऐकावासा वाटला, तर तीही सोय. गाणं संपायला किती मिनिटं उरलीत ते बघायची सोय. या सुखी, खुर्चीतल्या माणसासाठी यंत्राच्या तोंडावर दहा-पंधरा आणि रिमोटवर चाळीसेक बटणं बसवली गेली. मग हे यंत्र हिंगोली जिल्ह्यात आलं.

यायला त्याला वेळ लागला. सोनी कंपनीनं पहिला सीडी प्लेअर जपानात विकायला काढला तो १ ऑक्टोबर १९८२ रोजी. तेव्हा हिंगोली हा परभणी जिल्ह्यातला एक तालुका होता आणि ज्याच्या घरी टेपरेकॉर्डर, त्याच्या शब्दाला गावात वजन होतं. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. म्हणजे सीडी आमच्या जिल्ह्यापेक्षा साडेसोळा वर्षांनी थोरली. जिल्हा झाला, कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या आणि त्यांच्या मागोमाग चिनी बनावटीचे व्हीसीडी प्लेअर आले. गाणी ऐका, पिच्चर बघा, दोन्ही एकातच. औंढा, कळमनुरी, सेनगाव, वसमत, कुठंही गेलात तरी बसस्टँडाच्या आसपास तबकड्यांचं एक दुकान हटकून असायचंच. गावात मात्र सीडी कुणी म्हणालं नाही. ‘शिडी लाव’, ‘शिडी अडकायली’, ‘आमची शिडी कुणी नेली?’ असंच चालायचं.

बटणांवरचं इंग्रजी वाचायचा प्रश्न फार दिवस राहिला नाही, कारण ते बोटांनी लवकरच पुसून गेलं. उरल्या खुणा. त्रिकोण म्हणजे चालू, चौकोन म्हणजे बंद, दोन काड्या म्हणजे जरा थांब आणि आडव्या रेघेवर बसलेला त्रिकोण म्हणजे शिडी बाहेर. चालूच्या त्रिकोणाचं टोक उजवीकडं का, तर टेपरेकॉर्डरात टेप ज्या बाजूला सरकायची ती बाजू ते दाखवायचं. सीडीत उजवीकडं काहीच सरकत नाही. ती गोल फिरते आणि खालचा लेझर मधल्या भोकापाशी सुरू करून कडेकडं जात राहतो. आत असताना तबकडी मिनिटाला पाचशेच्या आसपास फेरे घेते, कडेला पोचेपर्यंत दोनशेवर येते. तरीही त्रिकोणानं आपली बाजू सोडली नाही. बाभूळ तोडून जमाना झाला तरी थांब्याचं नाव बाभूळफाटाच राहतं, त्यातलाच हा प्रकार.

कुणी काय दाबायचं, हे यंत्राच्या माहितीपत्रकात नव्हतं. ते घरात ठरलेलं होतं. आबांच्या अखत्यारीत भिंतीवरचं मेन बटण. त्याच्या पुढं ते गेले नाहीत आणि मागं दुसऱ्या कुणाला येऊ दिलं नाही. रिमोट मोठ्या काकांकडं. तो त्यांनी घेतला त्याच दिवशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर दोन रबरं लावली. दाबायचा तो पिशवीवरूनच. त्यामुळं एकदा दाबलं की कधी दोनदा दाबलं जायचं, कधी शेजारचं दाबलं जायचं आणि कधी नुसतीच पिशवी चुरचुरायची. खरं ज्ञान मात्र सहावीतल्या बारक्याकडं. त्याला डिस्प्लेवरचं इंग्रजी वाचता यायचं, निदान तो वाचल्यासारखं बोलायचा. घरातल्या मोठ्या माणसांना बटणं दाबायचा हक्क होता आणि त्यांचा अर्थ सांगायचा हक्क एका हाफचड्डीवाल्याला. असं राज्य फार दिवस सुखानं चालत नाही.

त्यातही सदतीसावं गाणं लावायचं असेल तर बारक्यावाचून गत्यंतर नव्हतं. रिमोटवर आकडे शून्य ते नऊ, आणि शेजारी ‘दहा अधिक’ असं एक बटण. सदतीससाठी दहा अधिक तीनदा दाबायचं आणि मग सात. काकांना तीन आणि सात दाबले की सदतीस होतात हे शाळेत शिकवलेलं होतं. यंत्र आधी तिसरं गाणं लावायचं, तेवढ्यात ते सोडून सातवं. काका म्हणायचे, “ह्याला पाढे येत नाहीत.”

डिस्प्लेबद्दल आजीला पहिल्यापासून संशय होता. काळ्या काचेमागं हिरवट निळी अक्षरं उजळायची. चालू केलं की ‘हॅलो’, बंद केलं की ‘बाय’. आलेल्या-गेलेल्याची विचारपूस करतं म्हणून सुरुवातीला तिला ते बरं वाटलं. पण नंतर बारक्या जे वाचून दाखवायला लागला, ते तिला पटेना.

खंडेनवमीची गोष्ट. विळे, खुरपी, कुऱ्हाड, तिफण, स्प्रेचा पंप असं सगळं धुऊन ओळीनं मांडलेलं होतं. त्या रांगेच्या शेवटी, पाटावर, सीडी प्लेअर. झेंडूचा हार घातला, पण हळदकुंकू लावायचं कुठं? वर लावलं तर पत्र्यावर दिसत नव्हतं, काचेवर लावलं तर आकडे दिसेनात. आजी म्हणाली, “तोंड उघडायला लाव त्याला.” बारक्यानं रेघेवरचा त्रिकोण दाबला. आतून करकर करत ताटली बाहेर आली. आजीनं ताटलीच्या गोल खाचेत हळद वाहिली, कुंकू वाहिलं, चिमूटभर अक्षता टाकल्या, वर साखरेचे चार दाणे ठेवले आणि हात जोडून डोळे मिटले. ताटली थोडा वेळ वाट बघते आणि शिडी कुणी ठेवो न ठेवो, आपली आपण आत जाते, ही माहिती तिला कुणी दिलेली नव्हती. तिनं डोळे उघडले तेव्हा नैवेद्य आत गेलेला होता.

आत काहीतरी फिरल्याचा आवाज आला. बारीक खडखड. डिस्प्लेवर ‘लोड’ आलं, मग नुसत्या आडव्या रेघा, मग ‘नो डिस्क’.

“काय म्हणायलंय रे?”

“म्हणायलंय, आत काहीच नाही.”

“लबाड हाय,” आजी म्हणाली. “आत्ताच तर खाल्लं की.”

दसरा झाल्यावर यंत्र औंढ्याला दुरुस्तीला गेलं. तिथल्या दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडलं, मोटारीखालून एकेक अक्षत चिमट्यानं वेचली, आणि पूजेचं आहे म्हटल्यावर कागदाच्या पुडीत बांधून काकांच्या हवाली केली. पैसे घेतले ते लेन्स पुसायचे. अक्षतांचे लावले नाहीत.

‘नो डिस्क’ ही पाटी पुढं वरचेवर दिसू लागली, आणि तिचं कारण आमच्या भागात हळद. फेब्रुवारी-मार्चला हळद निघते, ती शिजवतात, वाळवतात, ढोलात घालून घोळतात, आणि त्या काळात घरातली भांडी, वह्या, उशा सगळं पिवळं होतं. शिडी सुटायचं कारण नव्हतं. चकाकत्या बाजूवर पाच पिवळी बोटं उमटलेली शिडी आम्ही घरोघर पाहिली आहे. गंमत अशी, की पिवळ्या रंगाचा या यंत्राला काही त्रासच नाही. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, म्हणजे लालाच्या पलीकडला, आपल्या डोळ्यांना न दिसणारा. हळद अडवते ती निळ्या-जांभळ्या प्रकाशाला. लेझर हळदीतून बिनबोभाट जातो. त्याला अडवतात ते बोटांचं तेल आणि धूळ. पण हे कुणाला सांगणार? ‘नो डिस्क’ आलं की हळद बदनाम.

पुसायची पद्धत सगळीकडं एकच. बनियनचं टोक, त्यावर हा... हा... अशी वाफ, आणि ताट पुसतात तसं गोल गोल. नेमकं हेच करू नये. तबकडीवरची माहिती गोल वळशांमध्ये लिहिलेली असते. आतून बाहेर सरळ ओरखडा गेला तर प्रत्येक वळशातला इवलासा तुकडा जातो, आणि तेवढं नुकसान यंत्र आकडेमोड करून भरून काढतं. सलग अडीचेक मिलिमीटरपर्यंतची खोट ते निभावून नेऊ शकतं. गोल पुसताना कण सापडून वळशाच्या बाजूनं चरा गेला, की मग गाणं एकाच शब्दावर अडून बसतं. आणखी एक. सगळे जपायचे चकाकती बाजू. तिच्यावर सव्वा मिलिमीटरला थोडं कमी जाडीचं प्लॅस्टिकचं कवच असतं. खरी नाजूक बाजू वरची, चित्र असलेली. अॅल्युमिनियमचा पातळ थर तिथं नुसत्या लाखेच्या पापुद्र्याखाली असतो. आमच्या घरी त्या बाजूवर बॉलपेननं दाबून लिहिलेलं असायचं : ‘ही शिडी आमची आहे. परत करणे.’

आता रँडम. या बटणानं गाणी मनमानी क्रमानं लागतात आणि डिस्प्लेच्या कोपऱ्यात एक बारीक अक्षर पेटतं. ते अक्षर कुणाच्याही लक्षात येत नाही. वास्तुशांतीच्या तिथी दाटलेल्या, गुरुजी तीन गावांत वाटले गेलेले, म्हणून शेजारच्यांनी सत्यनारायण शिडीवर करायचं ठरवलं. शिडीवर सगळं होतं. पूजा, पाच अध्याय, आरती. यंत्र आमचं. आदल्या रात्री पोरांनी त्यावर गाणी ऐकली होती, ती रँडमवर.

चौरंग मांडला, केळीचे खुंट बांधले, यजमान सोवळं नेसून बसले, काकांनी पिशवीवरून त्रिकोण दाबला. थेट चौथा अध्याय लागला. कलावती नवरा आल्याचं ऐकून प्रसाद न घेताच नदीकडं धावली आणि नवऱ्याची नाव बुडाली. बायका हळहळल्या. कथा जरा लवकर रंगात आली असं पुरुषांना वाटलं. पुढं लागला तिसरा. त्यात साधुवाण्याला मूल नव्हतं, म्हणून त्यानं नवस बोलला आणि कलावती जन्मली.

“आत्ता जन्मली?” एका मावशींनी विचारलं. “मग मघा बुडाला तो कुणाचा नवरा?”

तिथून पुढं आरती सुरू झाली. सगळे उठले, टाळ्या झाल्या, कापूर फिरला, शिऱ्याचे द्रोण वाटले गेले, आणि पहिला घास तोंडात असताना नारद मृत्युलोकात हिंडायला निघाला. पहिला अध्याय. लोकांना उठावं की बसावं कळेना. यजमान म्हणाले, बंद करा. पण बंद करायला कुणी धजेना, कारण अर्ध्यातून उठून गेलेल्या कलावतीचं काय झालं ते सगळ्यांनी सुरुवातीलाच ऐकलेलं होतं. शेवटपर्यंत पंगत हालली नाही. एवढ्या भक्तिभावानं पाचही अध्याय ऐकलेला सत्यनारायण आमच्या गल्लीत पुन्हा झाला नाही, आणि माझ्या मते कथेची ही मांडणी मूळच्यापेक्षा परिणामकारक आहे.

ए-बी नावाच्या बटणाचं असंच. गाण्यातली एक जागा ए, दुसरी जागा बी. मधलं तेवढंच पुन्हापुन्हा वाजत राहतं. खुर्चीतल्या त्या माणसानं यावर सतारीचा तुकडा घोटला असता. आमच्या मागच्या घरी एका महाराजांच्या कीर्तनाची शिडी होती आणि त्यात सुनांच्या वागण्यावर दीड-दोन मिनिटांचा समाचार होता. सासूबाईंनी नातवाला चॉकलेट देऊन त्याच्या सुरुवातीला ए आणि शेवटाला बी बसवून घेतला. सकाळी भाकरीच्या वेळेला ते लागायचं. सुनेनं काही न बोलता त्याच नातवाला दोन चॉकलेटं दिली. दुसऱ्या दिवशी भाकरीच्या वेळेला महाराज सासवांवर बोलत होते.

पण बटणांचं खरं सोनं झालं ते लग्नाच्या शिडीत. लग्न एकदा लागतं. त्याची शिडी मात्र वर्षभर लागते. आत्याच्या मुलाच्या लग्नाची शिडी आली तेव्हा पडवीत सतरंजी टाकलेली, पुढं पोरं, मागं बाया, खाटेवर पुरुष आणि दारात ज्यांना बोलावलं नव्हतं ते. व्हीसीडीच्या एका तबकडीत सारं ७४ मिनिटांचं चलच्चित्र मावतं. ती ७४ मिनिटं बघायला अख्खी दुपार जायची, ती दोन काड्यांमुळं.

“थांबव, थांबव! ही मागं हिरव्या लुगड्यातली कोण?”

दोन काड्या. चित्र थिजलं. ती कोण, कुणाची, कुठं दिलेली, तिला कुणी बोलावलं, आणि आहेर काय आणला, एवढं झाल्यावर त्रिकोण. पुढं चार पावलांवर परत दोन काड्या. पोरांना तेवढ्यात डोळे अर्धे मिटलेला नवरदेव सापडला की ती तिथंच थांबवायचा हट्ट धरायची. मंगलाष्टकांना स्लो लावून अक्षता कुणी नवरीला टाकल्या आणि कुणी पुढच्याच्या डोक्यात टाकल्या याची खातरजमा झाली. स्टेप नावाचं एक बटण एकेक चित्र सुटं सुटं दाखवायचं. आहेराचं पाकीट कुणाच्या हातातून कुणाच्या हातात आणि तिथून कुणाच्या पिशवीत गेलं, याचा तपास त्यावर लागला. तो निकाल इथं देत नाही, त्यातले काही जण वाचणारे आहेत.

आणि झूम. नवरीच्या मोठ्या जावेच्या गळ्यात पोहेहार होता. मोठी काकू पुढं सरकली. “तेवढं गळ्यापाशी मोठं करून दाव.” बारक्यानं झूम दाबलं. गळा दुप्पट झाला. “अजून.” चौपट झाला. आता व्हीसीडीचं चित्र असतंच किती, तर आडवे ३५२ ठिपके आणि उभे २८८. चौपट केल्यावर पडद्यावर पिवळे, तपकिरी, मातकट चौकोन उरले. काकू त्या चौकोनांकडं डोळे बारीक करून बराच वेळ बघत राहिली.

“एक ग्रॅमचंच हाय,” ती म्हणाली.

एका सराफानं कसोटीवर घासून इतक्या आत्मविश्वासानं सांगितलं नसतं.

काही बटणं मात्र दाबली की पश्चात्तापच. एन-पी असं एक होतं. त्यानं चित्राची पद्धत एनटीएससी की पाल हे बदलायचं. आपल्याकडचे टीव्ही पालवाले. चुकून एनटीएससी झालं की रंग जाऊन चित्र काळंपांढरं व्हायचं, कधी उभं लोळायचं. पिशवीवरून दाबताना हे हमखास दाबलं जाई. नव्या पिच्चरचा रंग गेल्यावर पोरांनी ओरडा केला, पण आबांनी पहिल्यांदाच खाटेवर उठून बसत म्हटलं, “राहू द्या. जुना हाय, चांगला असंल.” एल-आर हे बटण डब केलेल्या इंग्रजी पिच्चरला लागायचं. डाव्या कर्ण्यात हिंदी, उजव्यात इंग्रजी अशा शिड्या निघायच्या. बटण नीट नसलं तर एकच गोरा माणूस एकाच वेळी दोन भाषांत धमकी देई. आणि पीबीसी. ते काय करतं हे मला आज नीट माहीत आहे, शिडीतल्या यादीवरून आकड्यांनी निवड करू देतं. पण हिंगोली जिल्ह्यात त्यावाचून कुणाचं अडलेलं मी पाहिलं नाही, तेव्हा पुढं जाऊ.

त्या खुर्चीतल्या माणसासाठी केलेली एकच गोष्ट आमच्याकडं अगदी मनापासून वापरली गेली. टाइम. हे बटण दाबत गेलं की डिस्प्ले आधी किती वाजून झालं ते दाखवतो, मग गाण्याचं किती उरलंय ते, मग अख्ख्या शिडीचं किती उरलंय ते. परदेशातल्या लोकांनी हे कशासाठी वापरलं देव जाणे. आमच्याकडं २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं होती. खेड्यात बारा-बारा तास लाईट नसायची, वेळापत्रक पेपरात यायचं, आणि ते कापून भिंतीला लावलेलं असायचं. वर पूर्णा नदीवर येलदरीच्या धरणात वीज तयार होते, तेच पाणी खाली आमच्या सिद्धेश्वर धरणात येतं. पाणी आमच्याकडं यायचं. वीज वाटेत कुठंतरी वळायची.

पिच्चर म्हणजे दोन शिड्या, लांबडा असला तर तीन. मामा एका डोळ्यानं भिंतीवरचं वेळापत्रक आणि दुसऱ्यानं डिस्प्ले बघत बसायचे. पिच्चर त्यांनी कधी बघितला का, शंकाच आहे.

“लाईट जायला पस्तीस मिनिटं. शिडीत बावन्न हायत. सतरा मिनिटं काढा.”

मग सभा भरायची. काय काढायचं? पोरं म्हणायची, रडणं काढा. बाया म्हणायच्या, रडणं काढायचं नाही, त्यासाठीच बसलाव, मारामाऱ्या काढा. शेवटी गाणी जायची. डबल बाण दाबून नायक-नायिका झाडामागून झाडामागं चटाचटा पळवली जायची, आणि दारातून कुणीतरी तरुण माणूस हळूच म्हणायचा की त्यापेक्षा मारामारी गेली असती तरी चाललं असतं. एवढ्या वादात चारेक मिनिटं जायचीच, ती मामांनी हिशेबात धरलेली नसायची. खलनायकाच्या छातीवर नायकाचा पाय पडायचा आणि लाईट जायची. आमच्या पिढीला कितीतरी पिच्चरांचे शेवट एकमेकांना तोंडी सांगून माहीत आहेत, आणि त्यात सांगणाऱ्यागणिक खलनायक निरनिराळ्या तऱ्हेनं मेला आहे.

लाईट जाण्यापेक्षा येणं जास्त अवघड होतं. देवळासाठी वर्गणीतून एक प्लेअर घेतला होता. मारुतीचं देऊळ गावाच्या कडेला, शेतीच्या लाईनवर. पुजारीबुवा पहाटेच्या भजनांचा क्रम प्रोग्रॅमचं बटण दाबून मोठ्या कष्टानं बसवायचे. लाईट गेली की यंत्र ते सगळं विसरायचं. एक गोष्ट मात्र ते विसरत नसे. त्याचं दाबायचं बटण एकदा आत गेलं की आतच राहायचं, आणि शिडी पोटात असली तर वीज येताच ते आपलं आपण पहिल्यापासून वाजायला लागायचं. रात्री दोनला लाईट यायची. रात्री दोनला भोंगा सुरू व्हायचा. आत हरिपाठ असला तर ठीक. एकदा वरातीवरून परत आलेली शिडी आत राहिली आणि मारुतीरायाच्या कळसावरून रात्री दोनला जे गाणं शिवारभर गेलं, त्यानं म्हाताऱ्या माणसांनी उठून रामराम म्हटलं.

तक्रार झाली, बैठक बसली, दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, सोपं आहे, मधे एक बटण टाकतो, आपोआप वाजणार नाही. तेव्हा मागून दोघं-तिघं शेतकरी उठले.

“नगं नगं. वाजू द्या.”

कामून, तर भोंगा वाजला म्हणजे लाईट आली, आणि लाईट आली म्हणजे मोटार चालू करायला विहिरीवर जायचं. तोवर माणसं बॅटरी घेऊन रात्रभर बांधावर जागत बसायची, आता घरी झोपत होती. हळदीला पाणी वेळेवर मिळत होतं. बैठकीनं ठरवलं की यंत्राला हात लावायचा नाही, फक्त रात्री आत कोणती शिडी ठेवायची ते पुजारीबुवांनी बघावं. ज्याला दुरुस्त करायला बोलावलं, त्याला चहा पाजून परत पाठवलं.

आता ती यंत्रं गेली. दुकानं आधी मेमरी कार्ड भरून द्यायला लागली, मग तीही राहिली नाहीत. घरात हल्ली एक गोल ब्लूटूथ डबा आहे. त्याला डिस्प्ले नाही आणि बटण एकच. बघायला किती सोपं. पण ते एकदा दाबलं तर गाणं थांबतं, दोनदा दाबलं तर पुढचं लागतं, तीनदा दाबलं तर मागचं, दाबून धरलं तर बंद पडतं आणि जास्तच दाबून धरलं तर लाल-निळं चमकत कुणाचाही फोन शोधायला लागतं. बारक्या पुण्याला कंपनीत आहे. तो फोनवरून सांगतो, “काका, लाँग प्रेस करा,” आणि काका इकडं जोर लावून दाबतात. त्यांच्या लेखी लाँग म्हणजे जोरात. चाळीस बटणांचा रिमोट पिशवीतून दाबणारे माझे काका एका बटणापुढं हरले आहेत.

त्या डब्यातून मधूनच एक बाई इंग्रजीत बोलते. जोडलं गेलं की बोलते, तुटलं की बोलते, चार्जिंग उतरलं की बोलते. आजीला आता कमी दिसतं, त्यामुळं डिस्प्ले नसल्याचं तिला काही नाही. आवाज मात्र ऐकू येतो.

“कव्हाची बोलायली ही,” परवा ती म्हणाली. “आत बसवून घेतलंव, च्या तरी इचारा तिला.”